1990 मध्ये भारतीय शांतिसेना श्रीलंकेतून परत बोलावणे ही चूक होती का?

आणखी एक-दोन वर्षे शांतिसेना तिथे राहिली असती तर लिट्टेचा (स्वतंत्र तामिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा) निकाल तेव्हाच लागला असता आणि राजीव गांधींची हत्याही टळली असती, असे या माघारीला चूक म्हणणारे गृहीत धरतात. मला ते पटत नाही. माघार योग्य होती आणि ती घ्यायला आपण फार उशीर केला, असे माझे ठाम मत आहे.

शांतिसेना ज्या भारत-श्रीलंका करारानुसार तिथे गेली, त्या 29 जुलै 1987 च्या करारावर राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी सह्या केल्या. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची होती त्या लिट्टेची सही मात्र त्यावर नव्हती. ऑगस्टमध्ये थोडीफार शस्त्रे दाखवण्यापुरती जमा झाली. सप्टेंबरमध्ये लिट्टेचा तिलीपन उपोषणात मरण पावला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या लिट्टेच्या बारा जणांनी जाफन्याजवळच्या पलाली येथे सायनाइड घेऊन जीव दिला, आणि त्यानंतर आठवडाभरातच आपले सैन्य ज्या तामिळांच्या रक्षणासाठी गेले होते त्यांच्याच गल्ल्यांमधून लढू लागले. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीतील तीस जवानांपैकी एकच जिवंत राहिला. दहा दिवसांनी जाफन्याच्या रुग्णालयात आपल्याच जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. या दोन घटना मी मुद्दाम एकत्र सांगतो आहे, कारण समोरचा माणूस शेतकरी आहे की सुरुंग पेरणारा हे जवानाला ओळखता येत नव्हते, आणि रुग्णालयातील त्या मृत्यूंनंतर या सैन्याला रक्षक मानण्याचे काही कारण जाफन्यातील लोकांना उरले नव्हते.

शौर्य कुठेही कमी पडले नाही. मुंबईत जन्मलेले 8 महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी छातीत गोळी लागलेली असतानाही हल्लेखोराशी भिडले, त्याची रायफल हिसकावून त्यांनी त्याला ठार केले आणि अखेरच्या क्षणापर्यंत ते आपल्या जवानांना आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. परंतु अशा माणसांचे प्राण नेमक्या कोणत्या उद्दिष्टासाठी खर्ची पडत आहेत, हे दिल्लीला सांगता येत नव्हते, आणि माझा खरा आक्षेप त्यावरच आहे. एका वेळी सत्तर हजारांहून अधिक सैन्य तिथे होते; सुमारे 1,200 जवान परतले नाहीत.

नोव्हेंबर 1988 मध्ये ईशान्य प्रांतात निवडणूक होऊन भारताच्या पाठिंब्यावरचे तामिळ नेते वरदराज पेरुमल यांचे सरकार आले, पण ते आपल्या संगिनींच्या बळावरच उभे होते. श्रीलंकेच्या दक्षिणेत भारतविरोधी भावनेवर जनता विमुक्ती पेरमुना या सिंहली डाव्या संघटनेचा उठाव पोसला जात होता. जून 1989 मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी आपल्याला निघून जायला सांगितलेच, शिवाय आपल्याशी लढण्यासाठी त्यांनी लिट्टेला शस्त्रेही पुरवली. ज्या देशात सरकारला आपण नको आहोत आणि ज्यांच्यासाठी गेलो त्या लोकांनाही नको आहोत, तिथे आणखी दोन वर्षांनी काय साधले असते? लिट्टेचा पराभव मे 2009 मध्ये झाला, तो श्रीलंकेच्या स्वतःच्या सैन्याने केला, आणि त्यात हजारो तामिळ नागरिकांचा बळी गेला. ते काम परक्या भूमीवर भारतीय सैन्याने करावे, असे मला कधीही वाटणार नाही. राजीव गांधींच्या हत्येबाबतही हेच म्हणेन: लिट्टेचा सूड सैन्य पाठवल्याबद्दल होता, त्यामुळे मुक्काम वाढवून तो शमला नसता.

माघारीचीही किंमत होती, हे मी नाकारत नाही. 24 मार्च 1990 रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, पेरुमल यांची सत्ता कोसळली आणि जूनमध्ये युद्ध पुन्हा पेटले. आपल्या भरवशावर लिट्टेच्या विरोधात उभे राहिलेल्या तामिळांना त्याची झळ सर्वाधिक बसली. म्हणूनच 1988 ची निवडणूक होताच माघारीची तारीख जाहीर करायला हवी होती, आणि कोलंबोला आपली गरज होती तोवरच या लोकांच्या सुरक्षिततेची हमी तिथल्या सरकारकडून लेखी घ्यायला हवी होती.