थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर आपली पाळी आली की काय बोलायचं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतलं हे आमचं पहिलंच थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणारा आभार मानण्याचा सण. शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलंय. आम्ही दोघंही शाकाहारी. जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं असतं म्हणे. असं ठरवून, पाळीपाळीने आभार मानणं नाटकी नाही वाटत? आणि बोलायचं तरी काय?

जरूर जा. आणि पाळी आली की एखादी बारीकशी गोष्ट सांगा, जी कुणीतरी, कुठेतरी, तुमच्यासाठी केली अशी. 'कुटुंब, आरोग्य, नोकरी' हे तुमच्या आधीच्या तिघांनी सांगून झालेलं असेल. ते खोटं नसतं, पण ऐकणाऱ्याच्या हाताला त्यातून काही लागत नाही.

नाटकीपणाचं म्हणाल, तर सगळ्याच घरांत ही पद्धत असते असं नाही. काही ठिकाणी घरातलं वडीलधारं माणूस प्रार्थना म्हणतं आणि मोकळं होतं. काही ठिकाणी टीव्हीवर फुटबॉल चालू असतो आणि जो तो आपापली प्लेट भरून सोफ्यावर बसतो. पण पाळी आलीच, तर एवढं लक्षात घ्या की आपल्या घरांतही ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणारे आजोबा होते. ते रोज अगदी मनापासूनच घालत असतील असं नाही, पोटात कावळे ओरडत असतील तर हात जरा भरभर चालत असणारच. त्यांना कुणी नाटकी म्हटलं नाही. रिवाजाचा फायदाच हा की त्या दिवशी मन जागेवर नसलं तरी हात आपलं काम करतो. वर्षातून एकदा चारचौघांत दोन वाक्यं बोलायला काय जातंय?

आता शाकाहाराकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

या टेबलावर टर्की, म्हणजे अख्खा भाजलेला मोठा पक्षी, लांबूनही ओळखू येते, तिची भीती नाही. अडचण इतर पदार्थांची. स्टफिंग म्हणजे पाव, सेलरी, कांदा, वरून सुगंधी पाला. ऐकायला शुद्ध शाकाहारी, पण ते बऱ्याचदा टर्कीच्या पोटात भरून भाजतात, नाहीतर चिकन ब्रॉथमध्ये, म्हणजे चिकन उकळलेल्या पाण्यात, भिजवतात. ग्रेव्ही टर्कीच्या गळलेल्या रसाची. रताळ्यांवर पांढरे मार्शमेलो वितळवलेले असतात आणि त्यांत जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन. 'पाय' नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थाच्या पारीत कधी कधी डुकराची चरबी. ग्रीन बीन कॅसरोल, म्हणजे मशरूम सूपमध्ये भाजलेल्या शेंगा, बहुतेक वेळा चालतं, तरी सूपचा डबा वाचलेला बरा. (हे कॅसरोल म्हणजे काही जुनी परंपरा नव्हे. कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात 1955 साली डॉर्कस रायली यांनी ते बसवलं, तेही आमच्याच न्यू जर्सीतल्या कॅमडेनमध्ये.)

आमच्या पलीकडच्या घरात एक आजी राहतात. घरात आम्ही त्यांचा उल्लेख 'आजी' असाच करतो, तोंडावर अर्थात नावाने हाक मारतो, इथे तीच रीत. त्यांनी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा आदल्या सोमवारी त्या ब्रॉथचा खोका हातात घेऊन दारात उभ्या. चष्मा कपाळावर. "हा चिकनचा आहे, म्हणजे नको. मग भाज्यांचा आणते. अंडं चालतं का? आणि लोणी?" मी म्हटलं, एवढं कशाला, आम्ही बटाटे आणि पाव खाऊ. त्यांनी ते कानावरच घेतलं नाही. गुरुवारी टेबलाच्या एका टोकाला छोट्या काचेच्या भांड्यात आमचं स्टफिंग वेगळं. भांड्याला रंगकामाची कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर मार्करने माझं नाव, स्पेलिंग चुकलेलं. आणि त्या भांड्यात त्याचा स्वतःचा वेगळा चमचा. टर्कीचा चमचा चुकून त्यात जायला नको म्हणून त्यांनी नातवंडांना तंबी दिली होती.

माझी पाळी आली तेव्हा मी त्या चमच्याबद्दल बोललो. सगळे हसले, आजी म्हणाल्या त्यात काय एवढं, आणि बटाटे फिरायला लागले. इतकंच. पण आमच्या नात्यातल्या लग्नांतही मांसाहारी आणि शाकाहारी पदार्थांचे चमचे इतक्या काटेकोरपणे वेगळे ठेवलेले मी पाहिलेले नाहीत.

तर बोलायला विषय हवा असेल तर आठवडाभर आधीपासून इकडेतिकडे बघत राहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासाने मागे जातात आणि थँक्सगिव्हिंग येईपर्यंत साडेचारलाच दिवेलागण होते. नवीन माणसाला हा अंधार फार खातो, तुम्हालाही खात असेल. त्या अंधारात कोण काय करतंय ते पाहा. आमच्याकडे लोक पानं ओढून रस्त्याच्या कडेला ढीग लावतात आणि टाउनशिपची गाडी ती घेऊन जाते. ओकची पानं सगळ्यांत शेवटी, गाडी येऊन गेल्यावर गळतात, हा ओकचा खास दुष्टपणा. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, 1949 पासून. त्यामुळे गुरुवारी सकाळी सगळं गाव घरात टर्की भाजल्याच्या वासात असताना पंपावर कुणीतरी कानटोपी घालून उभाच असतो. आमच्या पंपावर जालंधरकडचे एक काका असतात. त्यांना सुट्टीबद्दल विचारलं तर म्हणाले, "आज ट्रॅफिक कम है, आराम है." नळी लावून झाली की न सांगता समोरची काचही पुसतात. याबद्दल कधी टेबलावर बोलायचं राहून गेलंय, तुम्ही तुमच्या एखाद्या काकांबद्दल बोला.

सणाच्या इतिहासात फार शिरू नका, निदान जेवताना. 1621 साली मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्रज वसाहतवाले आणि तिथले मूलनिवासी वाम्पानोग लोक तीन दिवस एकत्र जेवले हे खरं, या वसाहतवाल्यांच्या मेफ्लॉवर जहाजातून आलेल्यांपैकी निम्मे आदल्या हिवाळ्यातच गेले होते हेही खरं. पण देशभर दरवर्षीचा सण झाला तो राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या 1863 च्या घोषणेपासून, आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला 1941 साली. पुढे वाम्पानोगांचं काय झालं ते फार वाईट आहे. 1970 पासून मूलनिवासी लोक याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. तुमच्या यजमानांना हे बहुधा माहीत असेल. विषय त्यांनी काढला तर बोला.

न्यायचं काय? एक गोष्ट डोक्यात ठेवा: त्या दिवशी ओव्हन सकाळपासून टर्कीच्या ताब्यात असतो. तिथे जाऊन गरम करावं लागेल असं काही नेऊ नका. मी क्रॅनबेरीचा मेथांबा नेतो. ताज्या क्रॅनबेरीची 12 औंसांची पिशवी कुठल्याही दुकानात मिळते. एखादी कापून पाहा, आत चार पोकळ कप्पे दिसतील. त्यांतल्या हवेमुळे ती पाण्यावर तरंगते, म्हणून आमच्या दक्षिणेला पाइन बॅरन्समध्ये तोडणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात आणि लालभडक तवंग एका कडेला ओढून घेतात. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, वर क्रॅनबेरी. थोड्या वेळाने त्या फटफट फुटायला लागतात. मग मीठ, तिखट आणि भरपूर गूळ, कारण आंबटपणात ही कैरीला मागे टाकते. पातळ वाटलं तरी आटवत बसू नका, गार झाल्यावर आपोआप घट्ट होतं. टेबलावर डब्याच्या वळ्यांसकट उभी असलेली विकतची क्रॅनबेरी जेलीही असेलच. तिच्याशी स्पर्धा नाही, पण आमचा मेथांबा आधी संपतो, आणि टर्की खाणारेच तो संपवतात.

निघताना तुम्हाला उरलेलं बांधून देतील. नको म्हणू नका, उरलेलं वाटणं हा या सणाचा अर्धा भाग आहे. डबा प्लॅस्टिकचा असला तरी धुऊन परत करा आणि अर्थातच रिकामा देऊ नका. फराळातली चकली उरली असेल तर उत्तम, नाहीतर घरी केलेला चिवडा चालेल. फक्त त्यांच्याकडे कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारून घ्या.