कर्ज काढून स्वित्झर्लंड, की एक वर्ष थांबून?

बडोद्याच्या वासणा-भायली रोडवर राहणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिन्याला 1 लाख 48 हजार. मिस्टर मकरपुऱ्यात एका कारखान्यात, त्या स्वतः शाळेत. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. येत्या मेमध्ये स्वित्झर्लंडला जायचं घाटतंय. टूर कंपनीनं 11 रात्री आणि सहा मुक्कामांचं कोटेशन दिलंय: झ्युरिक, ल्युसर्न, इंटरलाकेन, झरमॅट, माँत्रो, जिनिव्हा. चौघांचे 11 लाख. त्यातले 3 लाख एफडी मोडून, 4 लाख मुलीच्या कॉलेजसाठी जमवलेल्या म्युच्युअल फंडातून आणि 4 लाख पर्सनल लोन. त्या लिहितात, ‘पुढच्या वर्षी दहावी, मग अकरावी-बारावी, क्लासेस. आत्ता नाही गेलो तर चौघं मिळून कधीच जाणार नाही. सासूबाई म्हणतात, एवढ्यात सोनं आलं असतं. तुम्ही काय म्हणता?’

ताई, सोन्याचं आधी बाजूला ठेवू. सहलीला परतावा नसतो, नसू दे. दर खर्चाला गुंतवणुकीच्या तराजूत घालायला लागलं तर माणसानं लग्नाला जेवायलासुद्धा जाऊ नये. मुलं बरोबर यायला तयार असण्याची वर्षं थोडीच असतात, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. माझा आक्षेप सहलीला नाही. तिचे पैसे ज्या तीन खिशांतून निघताहेत त्यांना आहे, आणि त्या सहा मुक्कामांना.

लोनपासून सुरू करू. 4 लाख, 13 टक्के, तीन वर्षं, असं बँकेनं सांगितलंय. हप्ता बसतो साधारण साडेतेरा हजार आणि व्याज जातं 85 हजारांच्या घरात. तुमचा घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च 95 हजार, दोन्ही मुलांच्या एसआयपी 20 हजार, म्हणजे हातात उरतात 33 हजार. त्यातले साडेतेरा पुढची तीन वर्षं जाणार, आणि तीन वर्षांनी काय आहे? मुलीच्या कॉलेजची पहिली फी. सहल विसरायला लागाल तोवर हप्ता चालूच असेल. शिवाय व्हिसासाठी बँक स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यात लोनची मोठी रक्कम अचानक जमा झालेली दिसली तर खुलासा मागू शकतात. टूर कंपनीवाले ‘नो-कॉस्ट ईएमआय’ सुचवतील. त्यात रोखीनं मिळणारी सूट जाते आणि प्रोसेसिंग फी वर बसते, एवढं बघून घ्या.

फंडातल्या 4 लाखांचं दुखणं वेगळं आहे. इक्विटी फंडातून काढताना वर्षातल्या 1.25 लाखांवरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर, ही बाब किरकोळ. खरी गोष्ट ही की त्या पैशावर एका माणसाचं नाव आहे आणि तिला तो तीन वर्षांत लागणार आहे. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो: तीन वर्षं उरली असताना तिच्या फंडातले सगळे 9 लाख इक्विटीत ठेवणं मला पसंत नाही. तिथून पैसे हळूहळू बाहेर काढायची वेळ आलेलीच आहे, पण ते एफडीकडे जायला हवेत, झ्युरिककडे नव्हे. दर तिमाहीला थोडे-थोडे वळवत राहा.

एफडीत एकूण 7 लाख आहेत असं तुम्ही लिहिलंय. महिन्याचा खर्च 95 हजार, म्हणजे सहा महिन्यांचे 5 लाख 70 हजार. मिस्टरांची नोकरी खाजगी आहे, घराचं कर्ज डोक्यावर आहे. त्याखाली मी हात लावू देणार नाही. वरचे 1 लाख 30 हजार मात्र खुशाल काढा. एवढेच तुमच्याकडे आज सहलीचे पैसे आहेत.

आता ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ याकडे येतो, कारण पत्राचा सगळा जोर तिथे आहे आणि नेमकं तिथेच गणित तुमच्या बाजूनं वळतं. येता मे म्हणजे दहावीच्या तोंडावरचा मे. दहावीचे क्लास एप्रिलपासून चालू झालेले असतात, त्यांची फी भरलेली असते आणि मुलगी युंगफ्राउयोखच्या बर्फाळ डोंगरावर जाऊनही बुडलेले धडे मोजत बसेल. पुढच्या वर्षी मात्र गुजरात बोर्डाची दहावी मार्चच्या मध्यापर्यंत आटपलेली असते. मेमध्ये धाकट्यालाही सुट्टी असते. अकरावीच्या क्लासचे लोक तोवर फोन करायला लागतील. त्यांना बारा दिवस थांबायला सांगा, थांबतात.

दुसरा मुद्दा वयाचा. स्वित्झर्लंडमध्ये आईवडिलांपैकी एकाकडे स्विस ट्रॅव्हल पास असला तर 6 ते 15 वर्षांच्या मुलांना स्विस फॅमिली कार्ड फुकट मिळतं आणि पासवर चालणाऱ्या रेल्वे, बस, बोटी त्यांना विनातिकीट. सोळावं लागलं की तरुणांचा सवलतीचा पास विकत घ्यावा लागतो. तुमची लेक सप्टेंबरमध्ये पंधराची होईल, म्हणजे पुढच्या मेमध्ये पंधराच असेल. धाकटा अकराचा असेल, त्यामुळे शेंगेन व्हिसाची (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) फीही त्याला अर्धीच: बारा वर्षांखालच्यांना 45 युरो, बाकीच्यांना 90. एक वर्ष थांबल्यानं मुलांच्या तिकिटात तुमचा एक रुपयाही वाढत नाही. दोन वर्षं थांबलात तर वाढतो. म्हणून माझं उत्तर ‘कधीतरी जा’ असं मोघम नाही. पुढचा मे, एवढं नेमकं आहे.

थांबण्याची खरी किंमत एकच, फ्रँक. दहा वर्षांपूर्वी तो 65-70 रुपयांना होता, आता शंभरीच्या बराच वर गेलाय. (तिकडे युरो नाही, फ्रँक चालतो, हे मिस्टरांनाही सांगून ठेवा.) म्हणून पुढच्या वर्षाच्या आकड्यात 10 टक्के चढ आत्ताच धरायचा.

आता ते सहा मुक्काम. कोटेशनबरोबर पाठवलेला कार्यक्रम मी वाचला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला बॅगा लॉबीत, दुपारी एक धबधबा, संध्याकाळी नवं हॉटेल. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सहा मुक्कामांत पाच वेळा बिऱ्हाड हलतं, आणि प्रत्येक वेळी निदान अर्धा दिवस जातो. एका रात्रीचा खर्च सगळा धरून लाखभर असताना अर्धा दिवस म्हणजे किती, हे तुम्हीच काढा. पाचवीतला मुलगा चौथ्या दिवसापासून डोंगराकडे नाही, मोबाइलकडे बघायला लागेल, त्यात त्याची चूक नसेल.

त्या देशात हे करायची गरजही नाही. अंतरं लहान आणि रेल्वे वेळेवर. ल्युसर्नहून इंटरलाकेनला ब्रुनिग घाटातून जाणारी गाडी दोनेक तासांत पोचवते आणि ती पासातच बसते. तो प्रवास हेच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेनची दरी वीस मिनिटांवर, आणि तिथे जवळपास 300 मीटरवरून पडणारा स्टाउबबाख धबधबा बघायला तिकीट लागत नाही. दोनच मुक्काम करा: ल्युसर्नला चार रात्री, लाउटरब्रुनेनच्या आसपास पाच. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. सकाळी पोहे घरी, डब्यात थेपले, दूध-ब्रेड-फळं सुपरमार्केटमधून. बाहेर चौघांनी एक वेळ साधं जेवायचं म्हटलं तरी बिल बघून भूक मरते. झरमॅट, माँत्रो, जिनिव्हा सोडा. मॅटरहॉर्न बघायचा राहिला तर राहिला.

कोटेशनमध्ये ग्लेशियर एक्स्प्रेसचं नाव ठळक अक्षरांत आहे. त्या गाडीला सीटचं रिझर्व्हेशन सक्तीचं आणि त्याचे पैसे पासाच्या वर. त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्याही धावतात, तेच डोंगर दाखवतात आणि त्यांच्या खिडक्या उघडतातही. डोंगरमाथ्यांचंही असंच. रिगी आणि स्टान्सरहॉर्न पासात फुकट आहेत, टिटलिसला पासावर फक्त सवलत. 3,454 मीटरवरचं युंगफ्राउयोख सगळ्यांत महाग. तिथे जायचंच असेल तर तिकीट बडोद्यातून काढू नका. सकाळी उठून वेबकॅमवर वरची हवा बघा, निरभ्र असेल तरच घ्या. ढगात उभं राहायला कोण एवढे पैसे देतं? पॅकेजात तो दिवस आधीच ठरलेला असतो, ही त्याची मोठी उणीव. पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे टूर कंपनीनं तुमच्याकडून आगाऊ घ्यायचा कर, कापला जातो. रिटर्नमध्ये तो वळता होतो, पण तोवर अडकतो, आणि दर गेल्या काही वर्षांत बदलत आलेत, तेव्हा 11 लाखांत तो धरलाय का हे विचारा. बरोबर वयस्कर मंडळी असती आणि रोज वरण-भात हवा असता, तर मी पॅकेजच घ्या म्हटलं असतं. तुम्ही चौघं धडधाकट आहात.

स्वतः आखलेल्या नऊ रात्रींचा माझा अंदाज असा. मुंबई किंवा अहमदाबादहून विमानभाडं 2 लाख 60 हजार, राहणं 2 लाख, दोघांचे पास मिळून लाखभर, पासाबाहेरचे डोंगर 50 हजार, खाणं 80 हजार, व्हिसा, विमा आणि अहमदाबादच्या खेपा धरून 60 हजार. (विमा निदान 30,000 युरोचा लागतो, व्हिसाची ती अटच आहे.) झाले साडेसात लाख. वर 10 टक्के, म्हणजे सव्वाआठ.

जमतील किती? मार्चपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चौदा महिने, दरमहा 33 हजार, म्हणजे 4 लाख 62 हजार. दिवाळीचा बोनस 1 लाख 20 हजार. एफडीतले 1 लाख 30 हजार. बेरीज 7 लाख 12 हजार. सव्वा लाखाच्या आत कमी पडतात, आणि ते मी लपवत नाही. दोन रात्री कमी केल्या आणि युंगफ्राउयोख सोडलं तर जवळपास भागतं. किंवा वर्षभर नवरात्रीची खरेदी, बाहेरचं जेवण यांत काय ते बघा. तुमच्या घरात कुठे पाणी मुरतं हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक. लोन मात्र त्या सव्वा लाखाचंही नको.

हे पैसे वेगळ्या खात्यात, आरडी किंवा लिक्विड फंडात. शेअर बाजारात नाही; चौदा महिन्यांत तो कुठे असेल याचा भरवसा नाही, आणि मेमध्ये विमान सुटायचं थांबत नाही. तिकडे कार्ड चालवताना बँकेचं परकीय चलनावरचं शुल्क आधी विचारा, बऱ्याच क्रेडिट कार्डांवर ते साडेतीन टक्के असतं आणि वर जीएसटी. दुकानदाराच्या मशीननं ‘रुपयांत की फ्रँकमध्ये’ विचारलं तर फ्रँकच दाबा, रुपयांत त्यांचा दर महाग लागतो.

एक तारीख घरातल्या कॅलेंडरवर आत्ताच लिहा: 31 डिसेंबर. त्या दिवशी खात्यात हिशेबानं 5 लाख 80 हजार असायला हवेत. साडेपाच असतील तर विमानाची तिकिटं काढा. त्याखाली असतील तर स्वित्झर्लंड रद्द, आणि त्याच मेमध्ये दार्जिलिंग-गंगटोक. माझ्या अंदाजानं अडीच लाखांत होतं. 1999 पासून जागतिक वारसा यादीत असलेली छोटी रेल्वे धाकट्याला आवडेल. मेमध्ये कांचनजंगा ढगांतून बाहेर येईलच असं नाही, हेही मुलांना आधी सांगा. मिस्टर जुन्या करपद्धतीत असतील आणि कंपनी एलटीए, म्हणजे सुट्टीच्या प्रवासाचा भत्ता, देत असेल तर देशातल्या प्रवासभाड्यावर करसवलत मिळते. भाड्यावरच, हॉटेल-जेवणावर नाही. चार कॅलेंडर वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोनदा. 2026 ते 2029 हा नवा ब्लॉक. परदेशी सहलीला यातलं काही लागू नाही.

साडेपाच का म्हटलं, 5.80 का नाही? कारण या मेमध्येही मुलांना घरात कोंडून ठेवू नका. क्लासला शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळेल तेव्हा सापुताऱ्याला तीन दिवस जाऊन या. पंचवीस-तीस हजार त्याचे.

आणि लगेच करायचं काम: धाकट्याचा पासपोर्ट काढून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असावा लागतो. तुम्ही तो पहिलीत असताना काढल्याचं लिहिलंय, म्हणजे पुढच्या मेआधी संपणारच. फी 1,000 रुपये, अपॉइंटमेंट बडोद्यातच मिळते. शाळा चालू आहे तोवर एखाद्या सकाळी उरकून टाका, सुट्टी लागली की रांग वाढते.