आधी नमुना कोरडा कर

अगं, बीईटीचा, म्हणजे नायट्रोजन किती चिकटतो यावरून मोजलेल्या पृष्ठफळाचा, आकडा कमी आला म्हणून लगेच उत्प्रेरकाला नावं ठेवू नकोस. बडोद्याचा पावसाळा आहे. झिओलाइटची, म्हणजे तुझ्या या बारीक छिद्रांच्या उत्प्रेरकाची, कुपी जरा उघडी राहिली की ते हवेतली ओल पिऊन बसतं. छिद्रांत आधीच पाणी असेल, तर 77 केल्विनला (उणे 196 अंश सेल्सिअसला) नायट्रोजन शिरणार कुठे? रात्रभर निर्वातात तापव, नळी गार झाली की नमुन्यासकट पुन्हा वजन घे, रिकाम्या नळीचं वजन वजा करून उरेल तेच हिशेबात धर. माझे तीन महिने याच चुकीत गेले, म्हणून जीव तोडून सांगते.

आणि उत्प्रेरकाशिवायचा कोरा प्रयोग चुकवू नकोस. तापलेल्या स्टीलच्या नळीवरही अभिक्रिया होऊ शकते. पृष्ठभाग रसायनासाठी 2007चं नोबेल मिळालेल्या गेरहार्ड एर्टल यांचं लोखंडावर अमोनिया कसा बनतो यावरचं काम वाच; एकेक पायरी किती निगुतीनं तपासलीय! उद्या दहाला ये, पहिली नळी आपण मिळून लावू.