'रडार डिकॉय बॉय'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: पुण्यातल्या एका अंकासाठी पाणबुड्यांवरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे. त्यातल्या 'एक्स्पेंडेबल रडार डिकॉय बॉय'साठी (म्हणजे भलतीकडे पाणबुडी असल्याचं शत्रूच्या रडारला भासवणारं तरंगतं साधन) भाषांतरकारांनी 'उपभोग्य रडार प्रलोभन तरंगक' असं लिहिलंय. संपादकांना ते खटकतंय. दुसरं काय लिहिता येईल?

संपादकांना खटकलं ते बरोबरच आहे. 'रडार' सोडलं तर बाकी सगळे शब्द बदलायला हवेत.

आधी सोपं ते उरकू. देवनागरीत 'बॉय' वाचला की डोळ्यांपुढे हॉटेलातला पोऱ्या येतो, म्हणून तो नको. पण 'तरंगक' घडवायचीही गरज नाही, कारण कोकण किनाऱ्यावर 'बोया' हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द चांगला रुळलेला आहे. पुण्यात तो कमी ऐकू येतो, एवढंच. तो 'रुपया'सारखा चालवावा: एक बोया, दोन बोये, बोयाला, बोयांचा. 'उपभोग्य' म्हणजे भोगायची वस्तू. इथे अर्थ वेगळा आहे: एकदा पाण्यात सोडला की परत घ्यायचा नाही, बुडाला तरी तो हिशेबात आधीच धरलेला. लढाईत माणसं, घोडी, दारूगोळा 'खर्ची पडतो' असं आपण म्हणतोच. तेव्हा 'खर्ची बोया'.

खरा पेच 'डिकॉय'चा. मराठीत एकच शब्द सगळीकडे बसत नाही, कारण आपले शब्द वस्तू काय काम करते त्यावरून पडलेले आहेत. 'आमिष' किंवा 'प्रलोभन' सावजाला हाव सुटावी म्हणून असतं. रडारला कसली हाव? 'बुजगावणं' पाखरांना घाबरवून पळवतं, म्हणजे काम नेमकं उलटं. 'तोतया' अर्थाने फार जवळचा, कारण बोया रडारपुढे पाणबुडीचं सोंगच घेतो. पण पुण्यात तोतया म्हटलं की सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. हा शब्द माणसाला चिकटलेला आहे, वस्तूला लावला तर अवघडतो. 'हूल' ही कृती आहे. हूल देता येते, पण 'तीन हुली पाण्यात सोडल्या' असं कुणी म्हणणार नाही. 'हुलकावणी'त तर जो सापडायला हवा तोच निसटतो. पाऊस हुलकावणी देतो, बोया नाही.

राहतो 'चकवा'. रात्री रानात चकवा लागला की माणूस वाट सोडून फिरत राहतो आणि पुन्हा त्याच जागी येतो. पाणबुडीच्या मागावरच्या विमानाचं नेमकं हेच व्हावं अशी अपेक्षा असते. शिवाय 'चकवे सोडले', 'चकव्याकडे वळले' अशी रूपं सहज होतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पाणबुडीतून सोडायच्या एका साधनाला 'बोल्ड' म्हटलं, ते 'कोबोल्ड'वरून. कोबोल्ड हा त्यांच्या लोककथांतला खोडकर भुताचा प्रकार. त्यांनाही नाव भुताखेतांतच सापडलं, म्हणून 'चकवा'बद्दल संकोच नको.

मात्र बोल्ड हा रडार-चकवा नव्हता. डब्यातल्या कॅल्शियम हायड्राइडला समुद्राचं पाणी लागलं की हायड्रोजनचे बुडबुडे उठायचे आणि सोनारचा, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखाली शोध घेणाऱ्या यंत्राचा, आवाज त्या ढगावर आपटून परतायचा. हा भेद भाषांतरात सांभाळावाच लागतो. खाऱ्या पाण्यात रडारच्या लहरी शिरताच विरतात, त्यामुळे बुडालेली पाणबुडी रडारला दिसतच नाही. दिसतो तो वर आलेला भाग: पेरिस्कोप, हवा घेण्याची नळी किंवा पृष्ठभागावर असेल तर सगळा सांगाडा. म्हणजे रडार-चकवा पाण्यावर आणि सोनार-चकवा पाण्याखाली. आपल्या युद्धनौकांवरच्या 'मारीच' यंत्रणेतले चकवे टॉर्पेडोला फसवतात. तेही आवाजाचे, म्हणून दुसऱ्या गटात. नाव मात्र अचूक, कांचनमृगाचं.

जर्मनांचा रडार-चकवा म्हणजे 1943 चा 'अफ्रोडाइट': हायड्रोजनचा फुगा, दोरीला धातूच्या पट्ट्या, खाली तरंगता नांगर. पुढे 'थेटिस' हा पट्ट्या लावलेल्या काठीचा बोया आला. अशा साधनांत घोळ होतो तो लांबीचा. धातूची पट्टी रडारच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मी असली तर उत्तम प्रतिध्वनी देते. दीड मीटरच्या रडारला 75 सेंटिमीटर, 10 सेंटिमीटरच्या रडारला जेमतेम 5. दोस्त राष्ट्रांची विमानं 1943 मध्ये 10 सेंटिमीटरकडे वळली आणि जुन्या मापाच्या पट्ट्यांचा नेम चुकला.

पट्ट्यांऐवजी एकमेकांना काटकोनात जोडलेले तीन पत्रेही लावतात. लेखात त्याला 'कोनीय परावर्तक' म्हटलंय, तिथे 'कोपरा-परावर्तक' हवं. दोन भिंती आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात रबरी चेंडू मारला की तो आपल्याच दिशेने परततो, तसंच हे. पत्रे त्रिकोणी, कडा 30 सेंटिमीटर आणि तरंगलांबी 3 सेंटिमीटर असेल तर प्रतिध्वनी जास्तीत जास्त सुमारे 38 चौरस मीटर रडार-छेदक्षेत्राइतका (वस्तू रडारला जेवढी मोठी भासते त्याचं हे माप) मिळतो. कड दुप्पट केली की सोळापट. पण काटकोन दोन-तीन अंशांनी जरी बिघडला तरी प्रतिध्वनी झपाट्याने घटतो.

'चाफ'चं, म्हणजे रडारला फसवायला हवेत उधळतात त्या बारीक तंतूंच्या नावाचं, भाषांतर करू नका. 2021 मध्ये जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने पुण्याच्या एचईएमआरएल या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेसोबत लढाऊ विमानांसाठी ते तयार केलं, तेव्हापासून वाचकाला शब्द ओळखीचा आहे. फक्त 'चाफचे तंतू' लिहा. 'चाफ्याचे' झालं की फूल होतं.

आणखी एक दुरुस्ती. 'पाणबुडीला लपवणारा बोया' हे चूक. तो काही लपवत नाही, भलतीकडे पाणबुडी असल्याचं दाखवतो. वाक्य असं करता येईल: 'पाणबुडीने रडारला चकवणारे दोन खर्ची बोये सोडले आणि ती बुडी मारून निघून गेली.' क्रियापद 'सोडले'च ठेवा. डागतात तो टॉर्पेडो.