‘द मॉथ’मध्ये पहिल्यांदा बोलायचं असेल तर गोष्ट कुठली निवडावी?

तुम्ही लिहिलंय की न्यूयॉर्कमध्ये ‘द मॉथ’च्या स्टोरीस्लॅमला नाव द्यायचंय, पण ‘माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही’. अगदी हेच म्हणत मी तीनदा नुसती ऐकून परत आले होते. चौथ्यांदा चिठ्ठी टाकली.

इतरांसाठी थोडक्यात: जॉर्ज डॉज ग्रीन या कादंबरीकाराने १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरी मित्रमंडळींना बोलावून ‘द मॉथ’ हा लोकांनी आपल्या खऱ्या गोष्टी मंचावर सांगण्याचा कार्यक्रम सुरू केला. जॉर्जियात असताना रात्री पडवीत गप्पांचा फड जमायचा आणि जाळीच्या भोकातून पतंग दिव्याकडे यायचे, म्हणून नाव ‘मॉथ’. स्टोरीस्लॅम म्हणजे त्यातली गोष्टी सांगण्याची स्पर्धा. तिला त्या रात्रीचा एक विषय ठरलेला असतो. सांगायचं असेल त्याने आपल्या नावाची चिठ्ठी टाकायची. चिठ्ठ्यांतून एकेक करत दहा नावं निघतात. प्रत्येकाला पाच मिनिटं, वर एक मिनिट सवलत. हातात कागद चालत नाही. प्रेक्षकांतलेच तीन गट परीक्षक होऊन गुण देतात.

आपल्याला कथाकथन म्हटलं की शंकर पाटील, मिरासदार आठवतात. पण ते लिहिलेली कथा रंगवून सांगायचे. इथे गोष्ट खरी हवी आणि तुमचीच हवी, शेजारच्या काकूंची चालत नाही.

ज्यांची चिठ्ठी निघत नाही त्यांना शेवटी वर बोलावून आपल्या गोष्टीचं फक्त पहिलं वाक्य म्हणायला लावतात. मला हा भाग सगळ्यात आवडतो. एक बाई आल्या आणि ‘त्या दिवशी मी सासूबाईंच्या घराची किल्ली चोरली’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणून खाली उतरल्या. पुढे काय झालं याचा मी अजून विचार करते!

आता निवडीबद्दल. माझी आधीची गोष्ट चांगली चकचकीत होती. विमान चुकलं, बॅग हरवली, रात्र विमानतळावर. मैत्रिणीला फोनवर सांगून पाहिली तर ती मध्येच म्हणाली, ‘अगं, पण यात तू काय केलंस?’ काहीच नाही. नुसतं सोसलं होतं.

मग मी ती गोष्ट काढली जी कुणाला सांगायची नव्हती. एका दिवाळीला बाबांना साताऱ्यात फोन करून सांगितलं की तिकीटं मिळत नाहीयेत. मिळत होती. मला घरी जायचं नव्हतं, कारण नोकरी गेलेली होती आणि फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायची ताकद नव्हती. बाबा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, ‘बरं. थंडी असेल तिकडे, कान झाकत जा.’ त्यांनी स्टँडजवळच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे आधीच चौकशी केली होती आणि तिकीटं आहेत हे त्यांना माहीत होतं, हे मला आईकडून दोन वर्षांनी कळलं.

एवढीच गोष्ट. ना विमान, ना बॅग. तुमच्याकडेही अशी एखादी असणारच, जी सांगताना तुमचीच बाजू थोडी लंगडी पडते. तीच घ्या. फक्त जखम अजून ओली असेल तर थांबा. मंचावर रडू कोसळलं की लोक गोष्ट ऐकायचं सोडून तुमची काळजी करत बसतात.

पाठ करू नका. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा, मधलं फोनवर बहिणीला सांगाल तसं सांगा. आणि घड्याळ लावून म्हणून बघा. माझी पहिल्यांदा अकरा मिनिटं झाली होती, त्यातली चार निव्वळ सातारा कुठे आहे हे समजावण्यात.

भाषेची भीती वाटत असेल तर सांगते, ‘कान झाकत जा’ मी आधी मराठीतच म्हटलं, मग इंग्रजीत. कुणाची हरकत नव्हती. गुण मधलेच पडले.

एक मात्र करा, गोष्टीतल्या माणसाला आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. नंतर बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘कान नाही गं, मफलर म्हणालो होतो.’