‘माले समजनं नही’ : कॅन्सर संशोधनात उतरणाऱ्या तरुण डॉक्टरांचे प्रश्न

धुळ्यात सर्जरीचं पीजी करतेय, दुसरं वर्ष. कॅन्सरमध्ये संशोधन करायचं तर मुंबईच गाठावी लागते का?

नाही. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरणारा विषाणू; त्याच्या तपासणीचा जगभर गाजलेला एक अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर महिला त्यात होत्या. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे २००९ साली प्रसिद्ध झालं.

तुमच्या ओपीडीत तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट बसलेले असतात. तोंडातली जखम पहिल्यांदा जाणवल्यापासून बायोप्सीपर्यंत किती दिवस गेले, आणि ते कुणाच्या दारात गेले? एवढाच प्रश्न घ्या. दाढ काढून घेतली, मलम लावलं, कापसाची वेचणी होईपर्यंत थांबलो, हे सगळं नीट लिहून घेतलंत तर त्यातून उद्याचा मोठा प्रश्न निघेल.

संमतीपत्रावर पेशंट न वाचताच अंगठा देतात. ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसं.’ अशा वेळी काय करावं?

तिथेच थांबावं. हा विश्वास तुमच्यावर आहे, अभ्यासाला दिलेली ती संमती नव्हे. दोन उपचारांची तुलना करणारी ट्रायल असेल, तर औषध आपल्यासाठीच खास निवडलंय, असं पेशंटला वाटत असतं. कोणत्या गटात जायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

कागद मराठीत असला तरी घरात अहिराणी बोलतात. सातपुड्याकडचे पेशंट पावरी किंवा भिली बोलतात. म्हणून वाचून दाखवू नका, बोला. मग त्यालाच सांगायला लावा: काय होणार आहे, नाही म्हटलं तर उपचार थांबतील का? वाचता न येणाऱ्या पेशंटसोबत तुमच्या टीमबाहेरचा साक्षीदार लागतोच. नातेवाइकांना घरी जाऊन विचार करू द्या. पेशंट ‘माले समजनं नही’ म्हणाला, तर माझ्या मते ती त्या दिवसाची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. आता खरं बोलणं सुरू होईल.

गाइडना राऊंडनंतर दहा मिनिटंही मिळत नाहीत.

त्यांचा भार खरा आहे, पण तुमचं शिकणं त्यापायी अडू नये. महिन्यातून एक तास आधीच ठरवून मागा आणि एका पानावर प्रश्न लिहून न्या. संख्याशास्त्रज्ञाला माहिती गोळा करण्याआधी भेटा, नंतर भेटून उपयोग नाही. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं) यांची ‘क्रेडो’ कार्यशाळा २०१५पासून होते. तिथे स्वतःची कल्पना घेऊन जायचं आणि तज्ज्ञांसोबत बसून तिचा पूर्ण प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, लिहायचा. जरूर अर्ज करा.

ट्रायलची सीटीआरआयमध्ये, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या नोंदवहीत, नोंदणी नंतर केली तर चालेल?

नाही. १ एप्रिल २०१८पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी लागते.

नंदुरबारकडचे बरेच पेशंट ऊसतोडीला जातात, फॉलोअप तुटतो. त्यांना यादीतून वगळू का?

वगळू नका. तरुणपणी मी हेच केलं होतं. माझे आकडे छान दिसले, पण ते खोटे होते. जे आले नाहीत, त्यांतले किती जण वारले हे मला माहीतच नव्हतं. गाइडने सगळी यादी परत माझ्या हातात ठेवली आणि मी गावोगाव फिरलो.

पहिल्याच दिवशी दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक गावात राहणाऱ्या माणसाचा. आशाताईंचं नाव लिहून ठेवा. आणि पुढची तारीख देताना तुमचं कॅलेंडर बाजूला ठेवून विचारा, ‘आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी असाल ना?’