डंगरी डोंगरीचीच का? आणि जीन्स ‘घातली’ की ‘घातल्या’?

प्रश्न एका वाचक भगिनीचा आहे. लेकीसाठी डंगरी (छातीवर पट्टा आणि खांद्यावरून बंद असलेली विजार) घेताना दुकानदाराने त्यांना सांगितलं की हा शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून इंग्रजीत गेला. हे खरं, की व्हॉट्सॅपवरची थाप? जोडीला दोन पोटप्रश्न: जीन, जीन्स आणि डेनिम यांत फरक काय, आणि ‘जीन्स घातली’ म्हणायचं की ‘जीन्स घातल्या’?

दुकानदाराचं बरोबर आहे. एरवी अशी ‘आपलाच शब्द तिकडे गेला’ छापाची व्युत्पत्ती ऐकली की मी दोन पावलं मागे सरकतो. दहातल्या नऊ फुसक्या निघतात. ही दहावी. हिच्यामागे खुद्द मोल्सवर्थ उभा आहे. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘डोंगरी कापड’ अशी नोंद आहे. मुळात डोंगरी किल्ल्याला लागून असलेल्या वस्तीत विकलं जाणारं साधं देशी कापड ते डोंगरी कापड. पुढे कुठल्याही हलक्या, स्वस्त सुती कापडाला हेच नाव पडलं आणि इंग्रजी डंगरी हा त्याचाच अपभ्रंश, असा त्या नोंदीचा आशय. गंमत अशी की अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६ साली निघाला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी हा शब्द आम्हाला ठाऊक असलेल्या कोणत्याच कोशात नाही असं लिहून ठेवलं. मोल्सवर्थ तेव्हा मुंबईत घरोघरच्या शाळामास्तरांकडे असणार! १९०३च्या आवृत्तीत संपादकाने ती उणीव भरून काढली.

आता यातली डोंगरी कोणती? डोंगरी म्हटलं की आपल्याला आजचा दाट वस्तीचा मोहल्ला आठवतो, किंवा टिळक-आगरकरांनी १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात जिथे १०१ दिवस काढले तो तुरुंग. मोल्सवर्थची डोंगरी किल्ल्याची आहे. मुंबईच्या तटबंद कोटाच्या उत्तर टोकाला एक लहानसा डोंगर होता आणि त्यावर जुना डोंगरी किल्ला. ईस्ट इंडिया कंपनीने तो डोंगर सपाट केला आणि १७६९ साली तिथे फोर्ट जॉर्ज बांधला. तोही पुढे पाडला. नाव मात्र सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये उरलं आहे, म्हणजे सीएसएमटीच्या मागच्या बाजूला. डोंगराचं लघुरूप डोंगरी, इतकं साधं हे नाव.

एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इंग्रजी कोशकारांना या शब्दाचा जुन्यात जुना उल्लेख मिळतो तो १६१०च्या दशकातला. तेव्हा मुंबई पोर्तुगीजांकडे होती. कंपनीच्या ताब्यात ती आली १६६८ साली. मग कंपनीच्या कोटालगतच्या बाजारावरून कापडाला नाव पडलं हे कसं जमावं? मला वाटतं, मोल्सवर्थने त्याच्या काळात लोक जे सांगत होते ते टिपलं. गावाचं नाव कोटापेक्षा जुनं आणि कापडाचं नाव त्या गावावरून, एवढं धरलं की कालक्रम अडत नाही. मद्रासकडच्या एका जुन्या शब्दसंग्रहाने तेलुगू रूप दिलं आहे. तेही शेवटी मुंबईजवळच्या एका गावाकडेच बोट दाखवतं.

दुसरी खटकणारी गोष्ट उच्चाराची. डोंगरीचं ‘डंगरी’ कसं झालं? इंग्रजांची या किनाऱ्यावरची पहिली वखार सुरतेला, दलाल गुजराती, आणि गुजरातीत डोंगराला डुंगर म्हणतात. हिंदीतही त्या कापडाला डुंगरी असाच शब्द नोंदला आहे. तेव्हा इंग्रजांच्या कानावर पडलं ते डोंगरी नसून डुंगरी असावं, असा माझा अंदाज. त्यांनी ते ‘यू’ अक्षराने लिहिलं. पुढे इंग्रजीत ते अक्षर अशा ठिकाणी ‘अ’सारखं उच्चारलं जाऊ लागलं. आपण परत घेतलं ते असं उच्चार बदललेलं. लष्करात आणि रेल्वेच्या कारखान्यांत कामाच्या अंगभर कपड्याला ‘डांगरी’ म्हणतात. म्हणजे एकाच शब्दाची तीन रूपं आज महाराष्ट्रात शेजारी शेजारी नांदतात: डोंगरी गाव, मेकॅनिकची डांगरी आणि पोरीबाळींची डंगरी. यातलं कुठलंही चूक नाही. फॅशनच्या कपड्याबद्दल लिहिताना ‘डंगरी’च लिहावं, दुकानात तेच चालतं.

गावाच्या नावापुढे ‘ई’ आणि झालं कापडाचं नाव, ही आपल्याकडची नेहमीची रीत. पैठणची पैठणी, महेश्वरची महेश्वरी, चंदेरीची तर गावासकट चंदेरी. पैठणी लग्नात गेली. डोंगरी जहाजावर गेली. शिडं, तंबू, खलाशांचे सदरे-विजारी यांसाठी ते जाडंभरडं आणि बहुधा निळं कापड खपायचं. इंग्रजीत आधी कापडाचं नाव, मग त्या कापडाच्या कपड्यांचं. अमेरिकेच्या नौदलात तर खलाशांच्या कामाच्या निळ्या पोशाखाला विसाव्या शतकातही डंगरीजच म्हणत, आणि तिथल्या जुन्या पिढीच्या तोंडी डंगरीज म्हणजे सरळ जीन्सची पँट. छातीवर पट्टा आणि खांद्यावरून बंद हा अर्थ इंग्लंडात पक्का झाला. आपण तो घेतला.

जीनही गावाचीच लेक. इटलीतल्या जेनोआ बंदराला फ्रेंचांनी म्हटलं जेन. तिथून येणाऱ्या जाड कापडाला इंग्रजांनी सोळाव्या शतकात जीन म्हटलं. डेनिमचं कुळ दक्षिण फ्रान्सातल्या नीम गावाकडे नेतात: ‘सर्ज द नीम’, नीमचं सर्ज. यावर कापडाचे इतिहासकार कुरकुरतात, कारण सर्ज लोकरीचं असे आणि डेनिम सुती. नाव तिथून आलं असेल, कापड तेच होतं असं म्हणता येत नाही, इतपत मानावं.

दोन्ही कापडं तिरक्या विणीची. फरक सुताच्या रंगात. जुन्या हिशेबाने जीनमध्ये ताणा (उभं सूत) आणि बाणा (आडवं सूत) एकाच रंगाचा. डेनिममध्ये ताणा निळा, बाणा पांढरा. घरातली कुठलीही जीन्स घ्या आणि पायाशी एक दुमड घाला. बाहेरून निळी, आतून पांढुरकी दिसली तर ती डेनिमची. म्हणजे आज आपण जिला जीन्स म्हणतो तिचं कापड मुळी जीन नाहीच! आजोबांच्या पिढीची ‘पांढऱ्या जीनची पँट’ किंवा ‘खाकी जीन’ ही खरी जीन. त्या पिढीला जीन म्हणजे कापड, निळ्या रंगाशी तिचा संबंध नव्हता. नावांचा हा घोळ अमेरिकेतला. जेकब डेव्हिस या रीनोच्या शिंप्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि लेव्ही स्ट्रॉसबरोबर २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट घेतलं. त्या विजारींना ते वेस्ट (म्हणजे कमरेपर्यंतचे) ओव्हरऑल म्हणत. जीन्स हे नाव पोरांनी रूढ केलं, १९५०च्या दशकात. कंपनीने ते स्वीकारलं १९६०च्या सुमारास.

मराठीत ‘जीन’ला आणखीही दावेदार आहेत. घोड्याचं जीन फारसीतून आलं, त्यावरून जिनगर. विदर्भ-खानदेशात कापूस ‘जीनवर’ नेतात, ती सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी. इंग्रजी वाचणाऱ्यांना शरीरातला जीनही भेटतो, पण त्याला आपल्याकडे जनुक हा चांगला शब्द रुळला आहे. तेव्हा जळगावचा माणूस ‘जीनमध्ये कामाला होतो’ म्हणाला तर तो काय घालून कामाला जायचा हे विचारू नये.

आता जीन्स घातली की घातल्या. घातली. इंग्रजीत तो शब्द बहुवचनी, कारण पाय दोन. मराठीत विजार, तुमान, सुरवार, चड्डी, पँट सगळ्या स्त्रीलिंगी एकवचनी, आणि जीन्स त्याच घोळक्यात येऊन बसली. माझी जीन्स फाटली, जीन्सचा खिसा, जीन्सवर कुर्ता. अनेकवचनात रूप बदलत नाही, क्रियापदावरून कळतं: दोन जीन्स घेतल्या. पँटच्या ‘पँटी’ होतात तशा जीन्सच्या ‘जीन्सी’ होत नाहीत, कारण शेवटचा ‘स’ बोलणाऱ्याच्या मनात आधीच शब्दाचा अवयव होऊन बसलेला असतो. गावाकडे ‘जीनपँट’ म्हणतात, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. कापड आधी, कपडा मागून, हा शब्द जीन्सपेक्षा जास्त तर्कशुद्ध आहे.

आपल्याकडे जीन्स बरीच वर्षं शिंप्याकडेच शिवली जात होती, त्यामुळे फॅशनचे शब्दही शिंप्याचे. १९९५च्या सुमारास अहमदाबादच्या अरविंद मिलने तर डेनिमचा कापडपीस, झिप, बटण, रिव्हेट आणि मागचा चामड्याचा तुकडा असं सगळं एका पाकिटात घालून ‘रफ अँड टफ’ नावाने विकायला काढलं; पाकीट घ्यायचं आणि नाक्यावरच्या टेलरकडे द्यायचं. तो विचारायचा, ‘मोहरी किती ठेवू?’ मोहरी म्हणजे पायाचा खालचा घेर. बेलबॉटम, बूटकट, स्ट्रेट, पेन्सिल, स्किनी या सगळ्या नावांमागे मुख्यतः तो एकच आकडा खालीवर झालेला असतो. साधारण २२ इंचांच्या वर गेला की बेलबॉटम, १६च्या आसपास सरळ, ११-१२ला पाय आत घालताना पलंगावर बसावं लागतं. कंबर कुठे बसते आणि मांडीला किती सैल, हे दोन आकडे जोडले की बॅगी, मॉम, लो-वेस्ट वगैरे उरलेली बिरुदंही मोकळी होतात. बेलबॉटमही मुळात खलाशांचीच, डंगरीच्या जहाजावरची. १९७०च्या दशकात ती आपल्याकडे आली तेव्हा ‘पायाने रस्ता झाडतोस का’ हे प्रत्येक घरात ऐकू आलं. मग मोहरी आवळत गेली, आणि आता पुन्हा सुटते आहे. उल्हासनगरच्या जीन्स-कारखान्यांना तिन्ही आकडे तोंडपाठ. तिथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा उलगडा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा करायचा विनोद मुंबईच्या बाजारात जुना आहे.

विशेषणांचं मात्र आपलं जमत नाही. दुकानात ‘फेडेड’ असते तिला घरात ‘विटकी’ म्हणतात. बॅगीला ढगळ, अँकल-लेंग्थला आखूड. कपड्याला नावं ठेवायची आपली जेवढी विशेषणं, तेवढ्या आज स्टाइल आहेत. विटण्याबद्दल तर कापडाचा दोषच नाही. ताण्याचं सूत दोरासारखं एकत्र करून निळीच्या हौदात बुडवतात. बाहेर येतं तेव्हा ते पिवळट हिरवं असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. असं अनेकदा केलं तरी नीळ सुताच्या सालीतच राहते, गाभा पांढराच. गुडघा, मांडी, खिशाची कड जिथे घासेल तिथे साल जाते आणि पांढरं उघडं पडतं. (धोतराला देतात ती नीळ वेगळी. ती कपडा पांढरा दिसावा म्हणून, ही निळा व्हावा म्हणून.)

राहिली ‘रिप्ड’. हिला सगळे फाटकी जीन्स म्हणतात आणि माझी तक्रार इथे आहे. मराठीत फाटकी, फाटलेली आणि फाडलेली हे तीन वेगळे शब्द आहेत. फाटकी म्हणजे वापरून वापरून त्या अवस्थेला आलेली. तिच्यात मालकाची परिस्थितीही दिसते. फाटलेली म्हणजे जिन्यात खिळ्याला अडकून काल फाटली ती. आणि जिच्या गुडघ्यावर कारखान्यात मोजून मापून आडव्या चिरा दिल्या, निळा ताणा काढून टाकला आणि पांढऱ्या बाण्याचे धागे तेवढे लोंबते ठेवले, ती फाडलेली. लेकीला ओरडायचंच असेल तर निदान क्रियापदाचा धातू तरी नेमका वापरावा.